मे महिन्यातले स्वेटर

लातुरात मे महिन्यात स्वेटर विणणारं माणूस आजवर एकच झालं असेल, आणि ते आमच्या घरचं आहे. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, नळाला दहा दिवस पाणी नाही, कूलर पाण्यावाचून नुसताच गरम वारा फेकतोय, आणि अशा दुपारी माझी आत्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर जाड लोकरीचा गुंडा घेऊन, बंद गळ्याचा स्वेटर विणत बसलेली. समोर टीव्ही चालू, पण मुका. पायाशी पुस्तक उघडं. पानं उडू नयेत म्हणून एका बाजूला लाटणं, दुसऱ्या बाजूला अडकित्ता. तिन्ही कामं एकाच वेळी, आणि तिन्हींत लक्ष. शेजारच्या काकू पदरानं वारा घेत विचारायच्या, "मावशी, ह्या आगीत हे कामून?" आत्या मान वर न करता सांगायची, "थंडी काय सांगून येती का, बाई? अन् थंडीत मला फुरसत कुठली?" ते खरंच होतं. थंडीत तिला शाळा असायची.

ऐकणाऱ्याला वाटेल, बाई शिक्षिका असणार. नव्हती. ती मुलींच्या एका शाळेत शिपाई होती. झाडायची, पाणी भरायची, वह्यांचे गठ्ठे या वर्गातून त्या वर्गात न्यायची आणि घंटा द्यायची. आपल्याकडं शाळेतल्या अशा बाईला हेडबाईंपासून पहिलीतल्या पोरीपर्यंत सगळे मावशीच म्हणतात. मी त्याच शाळेत होते. पहिल्या दिवशी मी भर मैदानात "आत्याऽ" म्हणून हाक मारली तर तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "तिथं मी मावशी हाय. आत्या घरी. दोन्ही एका जागी केलंस तर पोरी तुझ्याशी खेळणार न्हाईत." तेव्हापासून दहावीपर्यंत, अकरा ते पाच, मी माझ्या सख्ख्या आत्याला मावशी म्हणत आले. घरी येताना कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड ओलांडलं की ती परत आत्या व्हायची.

पण आत्याची सुट्टी सांगायची तर आमच्या घरात सुट्टी हा शब्दच नव्हता, हे आधी सांगायला पाहिजे. आमचं गाव कंधार तालुक्यातलं. आजोबा वीटभट्टीवर, त्यांच्यामागं दादा, म्हणजे माझे वडील, वीटभट्टीवर, आई त्यांच्याबरोबर. आमच्याकडं काम होतं आणि खाडा होता. काम न मिळालेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्याच्या दिवशी घरात कुणी हसत नाही. दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत यायचं. दुसरीत माझं नाव शाळेत होतं आणि मी भट्टीवर होते. ओल्या विटा उन्हात उलटायचं काम लहान पोरांकडं असतं, कारण त्यांचा हात हलका; वीट मोडत नाही. अशा एका मे महिन्यात आत्या लातूरहून भेटायला आली. तिनं माझे दोन्ही हात धरून उलटे केले, तळवे पाहिले, आणि दादांना म्हणाली, "हिला मी नेते." दादा म्हणाले, "आक्का, तुझं तुला जड, त्यात हिचं कुठं?" आमचे मामा, म्हणजे आत्याचे मालक, त्या शाळेत शिपाई होते, ते आजारपणात गेले तेव्हा संस्थेनं तिला त्यांच्या जागी तोंडीच ठेवून घेतलं होतं. मूलबाळ नव्हतं. आत्या म्हणाली, "माझं मी बघते. भट्टीवर एक शाळा सुटली तेवढी बास झाली."

ती सुटलेली शाळा तिचीच होती. पाचवीत असताना तिला भट्टीवर नेलं ते धाकट्या भावाला कडेवर घ्यायला. धाकटा भाऊ म्हणजे दादा. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसून लातूरला आले.

तर सुट्टी. आमच्या शाळेची घंटा म्हणजे तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा आणि लाकडी मुठीची हातोडी. वार्षिक निकालाच्या दिवशी शेवटचा टोला दिला की आत्या ती हातोडी पिशवीत घालून घरी आणायची आणि पिठाच्या डब्यामागं लपवायची. का, तर सुट्टीत कुणी येऊन घंटा वाजवली तर सुट्टी मोडते. मग डोक्यावरून आंघोळ, धुतलेलं लुगडं, आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "लागली गं बाई सुट्टी!" हे ती हेडबाईंच्या थाटात म्हणायची. गल्लीत कुणाला सुट्टीचं एवढं कौतुक नव्हतं. बाकीच्यांच्या घरी पण खाडाच होता.

दुसऱ्या दिवसापासून तयारी. लोकर विकत आणणं तिला माहीत नव्हतं. शाळेतल्या बाई लोक जुने स्वेटर द्यायच्या. आत्या ते उसवायची, लोकर धुवायची आणि लडी करून लिंबावर वाळत घालायची. त्यामुळं तिच्या एका स्वेटरात भूगोलाच्या बाईंची तपकिरी, चित्रकलेच्या बाईंची हिरवी आणि काठाला हेडबाईंची राखी असायची. सगळी शिक्षणसंस्था एका अंगावर. पुस्तकं शाळेच्या कपाटातली. वर्षभर धूळ तीच झटकायची, म्हणून सुट्टीपुरती डझनभर पुस्तकं न्यायची तिला परवानगी होती. ती नाव बघून पुस्तक घ्यायची नाही; हातात तोलून घ्यायची. बारीक असलं तर "हे टोपीपुरतं हाय." मध्यम असलं तर "ह्याच्यात दोन बाह्या व्हत्यात." एक खूप जाड चरित्र होतं, ते तिनं तीन सुट्ट्या पुढं ढकललं, कारण तेवढी लोकरच जमत नव्हती. वाचून झालं की ज्या लोकरीवर वाचलं तिचा बोटभर धागा ती त्या पुस्तकात सोडून द्यायची. पुस्तकानं अंगातलं काढून दिलं, त्याला नागवं कसं परत पाठवायचं, असं तिचं म्हणणं.

टीव्ही मुका का, तर माझ्या अभ्यासासाठी. आवाज बंद ठेवून ती मालिका बघायची आणि संवाद स्वतः म्हणायची. तेही हळू, ओठांत, टाके मोजता मोजता. "सासूबाई, तुमचे डाव मला कळून राहिले... अठ्ठावीस, एकोणतीस... ह्या घरात एक तर तुम्ही ऱ्हाल न्हाई तर... तीस." एकदा शेजारी मी तीच मालिका आवाजासकट पाहिली आणि वाईट वाटलं. आत्याची सून फार स्वाभिमानी होती. खरी नुसती रडायची.

या सगळ्याचा परिणाम विणकामावर व्हायचा. मालिकेत सुनेला त्रास झाला की आत्याचा हात आवळायचा आणि टाके घट्ट पडायचे. पुस्तकात प्रवासाचं वर्णन आलं की हात सैल. मी सहावीत असताना तिनं मला केलेल्या स्वेटरची डावी बाही सासूच्या कारस्थानांवर विणली गेली आणि उजवी हिमालयाच्या वर्णनावर. डाव्या बाहीत हात घालायला तेल लावावं लागायचं आणि उजवीतून हात शोधावा लागायचा. मी तो स्वेटर तीन हिवाळे घातला. वर्गात पोरी हसल्या की मी सांगायचे, "फॅशन आहे." आत्याला तक्रार सांगितली तर तिनं दोन्ही बाह्या ताणून पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाली, "हिमालय लई मोठा हाय, माय. मी काय करू?"

पण तिची खरी गंमत वेगळीच होती. गंमत म्हणायची की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्या उलटं वाचायची. म्हणजे पुस्तक उलटं धरून, घडाघडा. सुलटं धरलं तर अडखळायची. चौथीपर्यंत शिकलेलं वाचणं भट्टीवर पार पुसलं गेलं होतं; हाताचं वळण तेवढं राहिलं होतं, लिहायची सुलटंच. शाळेत लागल्यावर ती बाईंच्या टेबलासमोर वह्या घेऊन उभी राहायची, बाई तपासत असायच्या, आणि टेबलाच्या अलीकडून तिला जे दिसायचं ते उलटं दिसायचं. ती तसंच शिकली. कुणी शिकवलं नाही, कुणाला कळलंही नाही. विणकामही तसंच. कार्यानुभवाच्या तासाला बाई पोरींना शिकवायच्या आणि आत्या पाण्याची कळशी घेऊन समोर उभी राहून बघायची. म्हणून बाईंचा उजवा हात तो तिचा डावा झाला आणि ती जन्मभर डावखुरी विणत राहिली, जेवते मात्र उजव्या हातानं. मी एकदा विचारलं, उलटी अक्षरं कशी गं दिसतात? म्हणाली, "तुमाला अक्षरं दोरीवर वाळत घातल्यावाणी दिसतात. मला वाफ्यातून उगवल्यावाणी दिसतात." मी पुस्तक फिरवून पाहिलं. खरंच, वरची रेघ खाली आली की सगळे शब्द जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात.

ह्याचा मला फायदा झाला. आमच्याकडं एकच पुस्तक असायचं, आणि चटईवर ते मधे ठेवून मी या बाजूनं वाचायचे, आत्या त्या बाजूनं. मी पान उलटायला हात घातला की ती म्हणायची, "थांब, माझ्या चार ओळी ऱ्हायल्यात." कधी मीच मागं असायचे आणि ती विणत वाट बघायची. कित्येक सुट्ट्या अशा गेल्या. आम्ही दोघींनी एकेक पुस्तक समोरासमोर बसून संपवलं, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी दहावी झाले त्या सुट्टीत एक गुरुजी घरोघर माहिती भरत आमच्याकडं आले. मी त्यांना स्टूल दिलं, टेबल म्हणून पत्र्याची पेटी दिली. आत्या पेटीच्या अलीकडं, खाली, सुया हातात. नाव, वय, घरात माणसं किती, हे सगळं त्यांनी विचारलं. शिक्षणाचा रकाना आला तेव्हा त्यांनी विचारलं नाही. आत्याकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या झाडूकडं पाहिलं आणि लिहून टाकलं. आत्या टाके मोजता मोजता म्हणाली, "गुरुजी, क्ष चुकला."

"काय म्हणालात?"

"निरक्षर लिवलंव ना तुमी? त्यातला क्ष तसा नसतो काढत."

मला हसू आवरेना. गुरुजींचे कान लाल झाले. माणूस चांगला होता, त्यांनी लगेच पेन उचललं आणि म्हणाले, "चुकलं माझं, मावशी. किती शिकलात?" आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, आत्याच्या सुया थांबल्या. "पाचवीत सुटली," ती म्हणाली. "म्हणजे चौथी पास," गुरुजी म्हणाले. "दाखला आहे का?" दाखला नव्हता. "मी चौथी लिहितो," ते म्हणाले, "पण कुठं ना कुठं कागद मागतातच." ते गेले. टीव्हीवर सून रडत होती आणि तिला शब्द द्यायला कुणी नव्हतं. मग आत्या म्हणाली, "तुझ्या नावापुढं काय लिवलं त्यांनी?" मी म्हटलं, "दहावी." ती म्हणाली, "इतकी वर्सं दहावीच्या पेपराची घंटा मी देऊन राहिले. मी टोला दिल्याबगर एक तरी पोरगी पेपर लिवायला लागली का, सांग." मी म्हटलं, नाही. "मग मला कामून बाहेर ठिवलं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट होती: त्या रकान्यात आत्याच्या नावापुढं दहावी लिहिलं गेलं पाहिजे.

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. हो-नाही करता करता मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा कुठं आम्ही गावच्या शाळेत दाखला आणायला गेलो. दादाही आले, पण आत आले नाहीत. पायरीवर बसून राहिले. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं आणि दाखला लिहायला घेतला. आत्या टेबलाच्या अलीकडं उभी. मला कळलं, आता ही वाचणार.

"गुरुजी, 'शाळा सोडण्याचे कारण, सतत गैरहजर' असं कामून लिवलं?"

"रजिस्टरला तसं आहे, मावशी."

"मी सोडली न्हाई. सुटली. टाका सोडला का सुटला, हे विणणाराला कळतं. 'शाळा सुटल्याचा दाखला' लिवा."

"छापील नमुना आहे हो. मला बदलता येत नाही."

"बरं. पण गैरहजर तर खोडा. ही मागची खोली बांधली तवा विटा आमच्या भट्टीवरून आल्या. मीच उलटलेल्या असतील. रोज हजर हाय की मी हितं."

हेडमास्तर सही करून उठले आणि त्यांनी दाखला दोन्ही हातांनी दिला. बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "आक्का, माझ्यामुळंच..." आत्यानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "गप रे. लई हलका होतास तू. कडेवर घेतल्यालं कळायचं बी न्हाई."

त्यानंतरची मेची सुट्टी अभ्यासाची. कपाटातल्या पुस्तकांऐवजी पायाशी दहावीची पुस्तकं, टीव्ही तसाच मुका, सुया तशाच चालू. इतिहासावर एक मफलर झाला. विज्ञानावर दोन टोप्या. इंग्रजीवर विणलेलं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही; आम्ही त्याला पायपुसणं केलं. गणिताला मात्र तिचा हात असा आवळायचा की लहान बाळाच्या मोज्यात माझा अंगठाच गेला. गणितं मी तोंडी सांगायचे, ती वहीत उतरून घेऊन सोडवायची, आणि बरोबर यायची. मला वाटलं, पास होणार.

परीक्षेला तिला दुसऱ्या शाळेतलं केंद्र आलं. तिनं रजा काढली; आमच्या शाळेत त्या वर्षी घंटा दुसऱ्याच कुणी दिली. पहिल्या पेपराहून आली ती पेपरावर काही बोललीच नाही. "त्यांची घंटा दोन मिनिटं उशिरा. अन् टोला कसा, भगुनं पडल्यावाणी." मग हळूच म्हणाली, "सर म्हणले, मावशी, पेपर उलटा धरलाय, वाचता येतं का? मी म्हणलं, येतं म्हणूनच तसा धरलाय."

निकाल सुट्टीतच लागला. दुपारी मी मोबाईल हातात धरून बसले, ती समोर. पान उघडलं आणि मी वाचायच्या आत तिनं पलीकडून वाचून टाकलं. "गणित," एवढंच म्हणाली. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. ती रडली नाही. सुया उचलल्या, टाके मोजले, विणायला लागली. पण त्या आठवड्यात टीव्हीवरच्या सुनेला तिनं एकही शब्द दिला नाही. टीव्ही पहिल्यांदाच खरोखरचा मुका झाला.

चौथ्या दिवशी मीच गणिताची प्रश्नपत्रिका काढली आणि म्हटलं, "माझ्यासमोर सोडव." चटईवर कागद मधे ठेवला. मी माझ्या बाजूला, ती तिच्या. पहिलं उदाहरण तिनं वहीत उतरवलं, मी वही माझ्याकडं फिरवून घेतली आणि पाहत राहिले. गणितातले आकडे इंग्रजी असतात.

"हा कोणता आकडा लिहिलास?"

"नऊ."

"छापलाय सहा."

आत्यानं कागदावर बोट ठेवलं, नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्याकडून सहा असंल. माझ्याकडून नऊ हाय."

अक्षर उलटं असलं की ते ओरडून सांगतं, मी उलटं आहे म्हणून. आणि आत्यानं ते ओरडणं इतक्या वर्षांत ओळखीचं करून घेतलं होतं. पण उलटा झालेला नऊ कुणाला काही सांगत नाही, निमूट सहा होऊन बसतो. पेपरातला प्रत्येक सहा तिनं नऊ धरून सोडवला होता आणि प्रत्येक नऊ सहा धरून. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक.

मी बी.एस्सी.ला गणित घेतलेली, आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मुलगी. हे मी आडवळणानं सांगत नाही, सरळ सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. पण त्या दुपारी मला दिसलं ते असं की, दुसरीपासून मी जी जी पुस्तकं वाचली, त्या सगळ्यांची सुलट बाजू माझ्याकडं होती. ती कुणीतरी मला दिली होती. चटई चार हात रुंद होती. तिला माझ्या शेजारी बसता आलं असतं. मी कधी म्हटलं नाही, आणि तिनं टेबलाच्या अलीकडं उभं राहून शिकल्यामुळं तिला ते सुचलं नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "इकडं ये."

"तिकडं तू बसती."

"जागा आहे."

ती उठली, लोकरीचा गुंडा काखेत घेतला आणि माझ्या बाजूला येऊन बसली. खांद्याला खांदा लागला. तिच्या अंगाला लोकरीचा आणि फिनेलचा वास यायचा, तो मला समोरून कधी आला नव्हता. तिनं कागदाकडं पाहिलं आणि डोळे मिटले. "डोकं गरगरतं गं," ती म्हणाली. "समदे शब्द लटकून राहिलेत." मग ज्या बोटांनी ती टाके मोजायची त्याच बोटानं एकेक आकडा धरून, पहिलीतल्या पोरीसारखी, ती वाचायला लागली. माणसानं पन्नाशीत डोळे उलटे फिरवायचे म्हणजे काय असतं ते मी त्या सुट्टीत पाहिलं. टीव्ही आम्ही बंद ठेवला. सुयाही भिंतीला टांगल्या. जुलैची पुरवणी परीक्षा तिनं सोडली. ही मात्र तिनं सोडली, सुटली नाही. "बाकीचं उसवायचं न्हाई," ती म्हणायची. "एकच टाका उचलायचा हाय. पण घाई केली की तो बी निसटतो." वर्षभर, शाळा सुटली की, लिंबाचं झाड ओलांडून घरी आलं की, आम्ही दोघी चटईच्या एकाच बाजूला बसलो. पुढच्या मार्चमध्ये ती गणिताचा एकच पेपर द्यायला गेली आणि परत आल्यावर घंटेबद्दल काहीच बोलली नाही, तेव्हा मला धीर आला.

आता मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. मलाही मेची सुट्टी असते, आणि ती लागली की मी लातूरची गाडी धरते. आत्या निवृत्त झाली. हातोडी तिनं नव्या मावशीला देऊन टाकली, पण देताना सुट्टीत ती घरी कुठं ठेवायची हे समजावून सांगितलं. आता तिला रोजच सुट्टी, आणि म्हणून सुट्टीची मजा गेली, असं ती म्हणते. बोटांची पेरं सुजतात. एका सुट्टीत एक स्वेटर होतो, तोही बाह्यांशिवाय. टीव्हीचा आवाज आता चालू असतो, कारण घरात अभ्यास करणारं कुणी नाही. "लई बोलतात गं हे लोक," अशी तिची तक्रार असते. आमच्या जुन्या शाळेच्या कपाटात पुस्तकं उघडली तर अजून तपकिरी, हिरवे, राखी धागे निघतात असं तिथल्या पोरी सांगतात. ते कुणाचे, हे त्यांना माहीत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडं परत एक तरुण गुरुजी माहिती भरायला आले. मी स्टूल दिलं, तीच पत्र्याची पेटी पुढं सरकवली. आत्या अलीकडं खाली, सुया हातात. शिक्षणाच्या रकान्याशी त्यांनी पेन थांबवून विचारलं, "आजी, शिक्षण?" आत्यानं सांगितलं. त्यांनी लिहिलं. मला वाटलं, आता ही बसल्या जागेवरून वाचणार. पण तिनं सुया खाली ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली, पेटीला वळसा घालून गुरुजींच्या बाजूला गेली, आणि त्यांच्या खांद्यामागं उभी राहून, बोट ठेवून, सुलटं वाचलं.

दहावी उत्तीर्ण.